मायकेल डिलन

लॉरेन्स मायकेल डिलन (जन्म : लंडन, १ मे १९१५, मृत्यू : डलहौसी, १५ मे १९६२) हे ब्रिटिश डॉक्टर, लेखक आणि बौद्ध श्रामणेर होते. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून, लॉरा मॉड डिलन या नावाने झाली होती. संप्रेरकोपचार आणि शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने स्त्री म्हणून नोंदलेल्या देहाचे पुरुषदेहात रूपांतर करून घेणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. पुरुष म्हणून ओळख मिळणे, नाव बदलणे आणि सरकारी नोंद बदलणे या तीन गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकाच वेळी घडल्या नाहीत. त्यांच्यामध्ये जी वर्षे गेली, त्यांतच त्यांच्या चरित्रातील बहुतेक महत्त्वाच्या घटना सामावल्या आहेत. आयुष्याची अखेरची चार वर्षे त्यांनी भारतात व्यतीत केली. या काळात ते जीवक आणि पुढे लोबझांग जीवक या नावांनी ओळखले जात.

जन्म आणि बालपण

डिलन घराणे आयर्लंडमधील मीथ परगण्यातील लिसमलन येथील होते. घराण्याकडे बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब होता व तो पुरुष वारसाकडेच जात असे. मायकेल यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच त्यांच्या आईचे निधन झाले. वडील रॉबर्ट आर्थर डिलन यांनी मुलांच्या संगोपनाचा भार आपल्या अविवाहित बहिणींवर सोपवला. त्यामुळे मायकेल आणि त्यांचे थोरले बंधू रॉबर्ट हे दोघे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टोन या गावी आत्यांच्या घरी वाढले. १९२५ मध्ये वडिलांचे निधन झाले. किताब थोरल्या बंधूंकडे आला आणि ते आठवे बॅरोनेट झाले. या किताबाचा वारसाहक्क पुढे मायकेल यांच्या आयुष्यात अनपेक्षित रीतीने निर्णायक ठरला.

शिक्षण

डिलन यांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठात झाले. विद्यार्थिनींसाठी असलेल्या सोसायटी ऑफ ऑक्सफर्ड होम-स्टुडंट्स या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला होता. हीच संस्था पुढे सेंट ॲन्स कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. नौकानयनात त्यांनी विशेष प्रावीण्य मिळवले आणि विद्यापीठाच्या महिला नौकानयन मंडळाचे अध्यक्षपद भूषविले. १९३८ मध्ये ते पदवीधर झाले. आपण स्त्री नाही ही त्यांची जाणीव या काळात पक्की होत गेली होती. परंतु त्या जाणिवेला नाव देणारा शब्द त्या काळी सामान्य व्यवहारात नव्हता, आणि तिच्यावर उपाय सुचवणारे शास्त्रही बाल्यावस्थेत होते.

ब्रिस्टल : कागदाआधीची ओळख

पदवीनंतर डिलन यांनी इंग्लंडच्या पश्चिम भागातील एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून काम केले. १९३९ मध्ये ते ब्रिस्टल येथील डॉ. जॉर्ज फॉस यांच्याकडे गेले. फॉस हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या औषधी उपयोगाचा अभ्यास करीत होते. उपचारापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, अशी अट त्यांनी घातली. त्या तज्ज्ञाने गोपनीयता पाळली नाही आणि डिलन यांची हकीकत परिचितांमध्ये पसरली. अखेर डिलन यांना नोकरी सोडावी लागली. संप्रेरकाच्या गोळ्या मात्र त्यांच्याजवळ होत्या व त्या त्यांनी घेण्यास सुरुवात केली.

ब्रिस्टलमध्ये त्यांनी एका मोटार गॅरेजमध्ये काम पत्करले. पेट्रोल भरणे, बंद पडलेली वाहने ओढून आणणे अशी ती कामे होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टलवर जर्मन विमानांचे हल्ले होऊ लागले, तेव्हा रात्री आगीवर पहारा ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. हळूहळू त्यांचा आवाज खाली उतरला, दाढी येऊ लागली आणि नवे ग्राहक त्यांना पुरुषच समजू लागले. जुने सहकारी मात्र त्यांचा उल्लेख स्त्री म्हणूनच करीत. या दुहेरी संबोधनाने ग्राहक गोंधळात पडू लागले, तेव्हा गॅरेजच्या व्यवस्थापकाने सर्व कामगारांना डिलन यांचा उल्लेख पुल्लिंगीच करण्यास बजावले. कोणत्याही शासकीय कार्यालयाने मान्यता देण्याआधी डिलन यांना पुरुष म्हणून मान्यता मिळाली ती या गॅरेजमध्ये. त्यामागे कोणताही तात्त्विक विचार नव्हता. रोजचा व्यवहार सुरळीत चालावा एवढाच हेतू होता.

या प्रसंगाचे महत्त्व मराठी वाचकास अधिक जाणवावे. इंग्रजीत बोलणाऱ्याचे लिंग त्याच्या स्वतःच्या वाक्यातून प्रकट होत नाही. इतरांनी योजलेल्या तृतीयपुरुषी सर्वनामातून ते मुख्यत्वे कळते. मराठीत मात्र आलो आणि आले, करतो आणि करते या रूपांमुळे प्रथमपुरुषातील साधे वाक्यही लिंगाची घोषणा करते. त्यामुळे मराठी भाषक पारलिंगी व्यक्तीला नाव उच्चारण्यापूर्वीच, क्रियापदाच्या रूपातून आपली ओळख सांगावी लागते.

या काळात डिलन यांची कागदोपत्री ओळख मात्र जुनीच होती. युद्धकाळात ब्रिटनमध्ये प्रत्येक नागरिकाजवळ ओळखपत्र व शिधापुस्तिका असणे आवश्यक होते. चेहरा एक सांगतो आणि कागद दुसरेच सांगतो, अशा स्थितीत प्रत्येक तपासणी संशयाला निमंत्रण देणारी होती.

जन्मनोंदीतील दुरुस्ती

रक्तातील साखर एकाएकी कमी होण्याचा विकार डिलन यांना होता. त्यामुळे येणाऱ्या मूर्च्छेत पडून त्यांच्या डोक्याला इजा झाली आणि त्यांना ब्रिस्टलच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे त्यांची एका सुघटन शल्यविशारदाशी गाठ पडली. त्या शल्यविशारदाने तीन प्रकारे साहाय्य केले. १९४२ मध्ये त्याने त्यांचे स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली, जन्मनोंद दुरुस्त करून घेण्याचा सल्ला दिला आणि हॅरल्ड गिलीज यांच्याशी संपर्क साधून दिला.

इंग्लंडमध्ये स्वतःचे नाव बदलणे तुलनेने सोपे होते. तेथील परंपरागत कायद्यानुसार फसवणुकीचा हेतू नसेल, तर प्रौढ व्यक्ती केवळ वापराने नवे नाव धारण करू शकते. जन्मनोंदीतील लिंगाचा रकाना बदलणे मात्र अवघड होते. मूळ नोंद करतानाच चूक झाली होती, असे वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे दाखवता आले तरच तो बदलता येई. डिलन यांनी हाच मार्ग अवलंबला. १९४४ मध्ये त्यांची जन्मनोंद दुरुस्त झाली आणि लॉरेन्स मायकेल डिलन हे नाव अधिकृत झाले. त्यांना समाजात पुरुष म्हणून वावरू लागून तोपर्यंत काही वर्षे लोटली होती.

शस्त्रक्रिया आणि डब्लिनमधील शिक्षण

सर हॅरल्ड गिलीज हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद होते. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करून त्यांनी आधुनिक सुघटन शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. बेझिंगस्टोकजवळील रूक्सडाउन हाउस येथे १९४६ ते १९४९ या काळात त्यांनी डिलन यांच्यावर किमान १३ शस्त्रक्रिया केल्या. पारलिंगी पुरुषासाठी शिश्नरचना करण्याची ही पहिली ज्ञात घटना मानली जाते. गुप्तता राखण्यासाठी कागदपत्रांत हायपोस्पेडियास, म्हणजे पुरुषाच्या मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचे निदान नोंदवण्यात आले.

या शस्त्रक्रिया चालू असतानाच, १९४५ पासून, डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये वैद्यकशास्त्र शिकत होते. तेथे प्रवेश घेताना एक अडचण उभी राहिली. ऑक्सफर्डची पदवी विद्यार्थिनींच्या संस्थेतून मिळालेली असल्यामुळे प्रमाणपत्रावरील संस्थेचे नावच त्यांचे पूर्वायुष्य उघड करणारे होते. त्यांच्या एका माजी अध्यापकाने विद्यापीठाच्या कुलसचिवांना विनंती केली. त्यानंतर त्यांची पदवी ब्रेझनोज या पुरुषांच्या कॉलेजातून मिळाल्याची नोंद करण्यात आली. केवळ नाव बदलून भागत नाही. त्या नावाला जोडलेली शाळा, पदवी आणि नोकरी यांच्या नोंदीही बदलाव्या लागतात, हे या प्रसंगातून दिसते.

डब्लिनमध्ये ते पुन्हा नौकानयनात चमकले, या वेळी पुरुषांच्या संघातून. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांमुळे चालताना पाय ओढावा लागे, तेव्हा ती युद्धातील दुखापत असल्याचे ते सांगत. १९५१ मध्ये ते डॉक्टर झाले.

'सेल्फ' आणि रोबर्टा काउएल

१९४६ मध्ये डिलन यांचे 'सेल्फ : अ स्टडी इन एथिक्स अँड एंडोक्रायनॉलॉजी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या व्यक्तीचे मन आणि देह यांच्यात विसंगती असते, तिच्या मनावर उपचार करून ते देहाशी जुळवण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. तेव्हा वैद्यकाने मनाला अनुरूप असा देह घडवण्यास मदत करावी, असे प्रतिपादन त्यांनी केले. पुस्तकात त्यांनी स्वतःविषयी काहीही लिहिले नाही. तटस्थ अभ्यासकाच्या भूमिकेतून लिहिलेल्या या ग्रंथाचा लेखक स्वतःच त्याचा विषय आहे, याची वाचकांना कल्पना नव्हती.

हे पुस्तक वाचून रोबर्टा काउएल यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. काउएल या युद्धकाळातील लढाऊ वैमानिक आणि मोटार शर्यतींतील स्पर्धक होत्या. त्यांची जन्मनोंद पुरुष म्हणून झालेली होती. वृषण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्या काळी ब्रिटनमध्ये बेकायदेशीर मानली जात असल्याने कोणताही शल्यविशारद ती करण्यास तयार नव्हता. डिलन यांनी, स्वतः अद्याप विद्यार्थी असताना, ती गुप्तपणे केली. पुढे काउएल यांचीही जन्मनोंद दुरुस्त झाली व १९५१ मध्ये गिलीज यांनी त्यांच्यावर पुढील शस्त्रक्रिया केली. डिलन यांनी काउएल यांच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवला होता. तो त्यांनी नाकारला.

दोन ग्रंथांतील विसंगती

१९५२ पासून डिलन यांनी व्यापारी जहाजांवर डॉक्टर म्हणून नोकरी केली. सहा वर्षे त्यांचे आयुष्य समुद्रावर तुलनेने शांतपणे गेले. ही शांतता एका नोंदीमुळे भंगली.

ब्रिटिश सरदार घराण्यांच्या वंशावळी देणारे डेब्रेट्स आणि बर्क्स असे दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत. जन्मनोंद दुरुस्त झाल्यावर डिलन यांनी डेब्रेट्समधील आपली माहिती बदलून घेतली होती. त्यात बॅरोनेट रॉबर्ट डिलन यांचे बंधू व किताबाचे वारस म्हणून मायकेल यांचे नाव छापले होते. बर्क्समध्ये मात्र त्याच जागी लॉरा मॉड ही बहीण कायम राहिली होती. १९५८ मध्ये ही विसंगती लक्षात आली आणि वृत्तपत्रांनी तिचा माग काढला. संडे एक्सप्रेसने मे १९५८ मध्ये बातमी प्रसिद्ध केली. त्या वेळी डिलन अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात सिटी ऑफ बाथ या जहाजावर होते. तेथे वार्ताहरांनी त्यांना गाठले. आपण जन्मतः पुरुषच होतो आणि जन्मजात दोषावर उपचार करून घेतले, असे उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर रुग्णालयाच्या कागदपत्रांतील निदानाशी सुसंगत होते.

डेब्रेट्सच्या संपादकांनी आपली नोंद योग्य असल्याची भूमिका घेतली. तथापि, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ज्या कायद्याने डिलन यांना पुरुष मानले होते, त्याने १४ वर्षांत एकदाही आपला शब्द फिरवला नव्हता. तरीही कायद्याचे बंधन नसलेल्या एका खाजगी ग्रंथातील न बदललेल्या नोंदीने त्यांचे जीवन उद्ध्वस्त केले. बंधूंशी असलेला दुरावा वाढला, नोकरीवर परतणे त्यांना अशक्य वाटू लागले आणि त्यांनी भारतात जाण्याचा निर्णय घेतला.

भारतातील वास्तव्य

अध्यात्माकडे डिलन यांचा ओढा जुनाच होता. भारतात आल्यावर ते कालिम्पाँग येथे इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्या विहारात राहिले. संघरक्षित हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, ते नागपुरात होते व तेथील शोकसभेत त्यांनी भाषण केले होते. पुढील काही वर्षे महाराष्ट्रातील नवदीक्षित बौद्धांमध्ये त्यांनी धम्मप्रसाराचे कार्य केले.

येथेच डिलन यांनी जीवक हे नाव स्वीकारले. जीवक हा भगवान बुद्धांचा वैद्य होता. डॉक्टरी पेशातून आलेल्या उपासकास ते साजेसे होते. डिलन यांनी आपले पूर्वायुष्य संघरक्षितांना विश्वासाने सांगितले होते. त्यानंतर ते सारनाथला गेले व तेथे श्रामणेर झाले. पूर्ण भिक्षू होण्याची, म्हणजे उपसंपदेची, वेळ आली तेव्हा मात्र संघरक्षितांनी हरकत घेतली. विनयपिटकात पंडक आदी काही व्यक्तींना उपसंपदा देण्यास मनाई आहे, हा त्यामागील आधार होता. अशा रीतीने ब्रिटिश कायद्याने केलेली दुरुस्ती संघाच्या नियमापुढे निरुपयोगी ठरली.

डिलन यांनी त्यानंतर तिबेटी परंपरेकडे वळून १९६० मध्ये लडाखमधील रिझाँग मठात प्रवेश केला. कडक शिस्तीसाठी हा मठ प्रसिद्ध आहे. तेथे ते गेत्सुल, म्हणजे तिबेटी परंपरेतील श्रामणेर, म्हणून लोबझांग जीवक या नावाने राहिले. एका सरदार घराण्यातील हा मध्यमवयीन डॉक्टर तेथे वयाने लहान असलेल्या श्रामणेरांच्या पंक्तीत बसे आणि स्वयंपाकघरातील कामे करी. सीमावर्ती प्रदेशात राहण्याचा परवाना संपल्याने थोड्याच महिन्यांत त्यांना लडाख सोडावे लागले. परत जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली.

संन्यासातील नावाबाबत भारतीय समाजाची दृष्टी या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. दीक्षेनंतर मिळालेले नाव लोक विनातक्रार स्वीकारतात. नांदेड येथील विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे व्यंकटेश खेडगीकर होते. नांदेड-लातूर परिसरात हे मूळ नाव आज फारच थोड्यांच्या ओठी येते. लोबझांग जीवक हे नावही असेच कोणत्याही राजपत्राविना रूढ झाले. मायकेल या नावासाठी मात्र डिलन यांना वैद्यकीय प्रमाणपत्र, दुरुस्त जन्मनोंद आणि बदललेली पदवी यांचा आधार घ्यावा लागला, आणि तोही अखेर अपुरा पडला.

मृत्यू आणि आत्मचरित्र

अपुरे अन्न आणि सततचा प्रवास यांमुळे डिलन यांची प्रकृती खालावत गेली. १ मे १९६२ रोजी, आपल्या ४७ व्या वाढदिवशी, त्यांनी आत्मचरित्राचे हस्तलिखित पूर्ण केले व ते इंग्लंडमधील आपल्या साहित्य-प्रतिनिधीकडे पाठवले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ मे रोजी, तत्कालीन पंजाबातील डलहौसी येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. हस्तलिखित नष्ट व्हावे अशी त्यांच्या बंधूंची इच्छा होती. तथापि प्रतिनिधीने ते जपून ठेवले. २०१६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५४ वर्षांनी, ते 'आउट ऑफ द ऑर्डिनरी' या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून मायकेल डिलन आणि लोबझांग जीवक ही दोन्ही नावे आहेत. दोन्ही नावे त्यांनी स्वतः स्वीकारलेली होती.

ग्रंथसंपदा

• सेल्फ (१९४६)
• ग्रोइंग अप इंटू बुद्धिझम (१९६०)
• इम्जी गेत्सुल (१९६२) : लडाखमधील मठजीवनाचे वर्णन
• द लाइफ ऑफ मिलारेपा (१९६२) : तिबेटी संतकवीचे चरित्र
• आउट ऑफ द ऑर्डिनरी (२०१६) : आत्मचरित्र, मरणोत्तर प्रकाशित

नंतरचा कायदा

ज्या पळवाटेने डिलन यांना नवी जन्मनोंद मिळाली, ती इंग्लंडमध्ये फार काळ खुली राहिली नाही. कॉर्बेट विरुद्ध कॉर्बेट या १९७० मधील खटल्यात न्यायालयाने विवाहापुरते जन्मतः असलेले जैविक लिंगच ग्राह्य धरले. त्यानंतर ब्रिटनमध्ये पारलिंगी व्यक्तींना कायदेशीर मान्यतेसाठी २००४ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. २०१९ मध्ये संमत झालेल्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्र मिळण्याची व त्या आधारे जन्मदाखल्यात आणि अन्य शासकीय कागदपत्रांत पहिले नाव बदलून घेण्याची सोयही त्यात होती. या तरतुदींनुसार नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील रहिवाशाचा अर्ज त्याच जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. मराठवाड्यातच बीड जिल्ह्यातील पोलीस दलातील एका महिला शिपायाने पुरुष होण्यासाठी शस्त्रक्रियेची परवानगी मागितली होती. २०१८ मध्ये राज्य शासनाने ती दिली आणि शस्त्रक्रियेनंतरही नोकरी कायम राहिली.

जिल्हादंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र हातात आल्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे खाते व शिधापत्रिका या प्रत्येक ठिकाणी नाव स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागते. यांतील एखादी जरी नोंद जुनी राहिली, तरी दोन कागदांत दोन व्यक्ती दिसू लागतात. डिलन यांच्या बाबतीत अशी एकच नोंद शिल्लक राहिली होती.